'एंजल डस्ट' मास्टरपीस की नुसता गोंधळ? आधी बघा कोण कुठून ऐकतंय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फेथ नो मोअर या अमेरिकन हेवी बँडचा १९८९ चा 'द रिअल थिंग' तुम्हाला खूप आवडला, मग सगळे म्हणतात म्हणून १९९२ चा 'एंजल डस्ट' लावला, दोनदा ऐकला आणि डोकं उठलं. एका गाण्याचा दुसऱ्याशी मेळ नाही, गिटार कुठेतरी मागे राहिलीय, मध्येच चिअरलीडर मुली ओरडतायत, मध्येच एक म्हातारा काहीतरी पुटपुटतोय. लोकांची मतं वाचायला गेलात तर काही म्हणतात नव्वदच्या दशकातला सगळ्यात भारी हेवी अल्बम, बाकीचे म्हणतात नुसता दिखाऊपणा. मग खरं कुणाचं मानायचं आणि माझ्याच कानात काही खोट आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं हेवी बँड्सचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येणार, समीक्षक जसं बघतो तसं नाही. कानात खोट वगैरे काही नाहीये, ते आधी डोक्यातून काढा. तुम्ही जे ऐकलंत ते सगळं खरोखर तिथे आहे. गिटार खरंच मागे आहे, गाणी खरंच एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हे सगळं मुद्दाम केलेलं आहे. मतं उलटसुलट आहेत याचंही मला काही वाटत नाही. पण मत देणारा माणूस काय अपेक्षा ठेवून ऐकायला बसला होता हे कुणी सांगतच नाही, आणि या अल्बमच्या बाबतीत तर सगळं त्यावरच ठरतं.

जरा मागे जाऊ. 'द रिअल थिंग' बनला तेव्हा गायक माइक पॅटन बँडमध्ये नुकताच आलेला, १९८८ साली. बहुतेक म्युझिक आधीच तयार होतं, त्याने साधारण दोन आठवड्यांत त्यावर शब्द लिहिले आणि गायला. म्हणजे तुम्हाला आवडलेला तो अल्बम ही चार जणांनी बांधलेली गाणी आणि त्यावर आलेला एक नवा गायक अशी गोष्ट आहे. त्यातलं 'एपिक' अमेरिकेत १९९० मध्ये नवव्या नंबरपर्यंत गेलं, टीव्हीवर सतत वाजलं, आणि बँडला 'फंक मेटल' हे लेबल चिकटलं ते चिकटलंच. 'एंजल डस्ट'मध्ये पॅटन पहिल्यापासून गाणी रचण्यात होता. मधल्या काळात, १९९१ मध्ये, त्याच्या जुन्या बँडचा, मिस्टर बंगलचा, पहिला अल्बम येऊन गेला होता, जो याहून दहापट विचित्र आहे. त्यामुळे 'पॅटनने बंगलचा कचरा इथे आणून टाकला' असं जे मत तुम्ही वाचलं असेल त्यात थोडं तथ्य आहे पण थोडंच, कारण प्रोड्यूसर तोच होता, मॅट वॉलेस, आणि बाकीचे चौघेही तेच. शिवाय 'द रिअल थिंग'च्या सीडीवर शेवटी 'एज ऑफ द वर्ल्ड' आहे ना, ते पियानोवरचं लाउंज टाइप गाणं? विचित्रपणाची सुरुवात तिथेच झालेली. ते शेवटी होतं, एलपीवर तर घेतलंच नव्हतं, म्हणून लोकांनी एक्स्ट्रा समजून सोडून दिलं एवढंच. 'एंजल डस्ट'मध्ये तसलंच गाणं, 'आरव्ही', उचलून चौथ्या नंबरवर ठेवलंय, आणि तेही 'मिडलाइफ क्रायसिस'सारख्या हिट गाण्याच्या लगेच नंतर. आता ते सोडून देता येत नाही, आणि बऱ्याच लोकांची चिडचिड नेमकी तिथून सुरू होते.

आता माझ्या कामाचा भाग, यावर जरा जास्त बोलतो कारण बहुतेक मतांमागचं कारण इथे आहे असं मला वाटतं.

हेवी गाण्यात डिस्टॉर्शनवाली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेली, गिटार ही मिक्सची, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र जुळवलेल्या आवाजाची, जागा खाणारी गोष्ट असते. मधल्या फ्रिक्वेन्सीचा जवळपास सगळा पट्टा ती व्यापते, आणि माणसाचा आवाज, कीबोर्डवरची स्ट्रिंग्ज, स्नेअर ड्रमचा कडकपणा, हे सगळे त्याच पट्ट्यात राहायला बघतात. बँडमध्ये कीबोर्ड असला की कुणाला तरी माघार घ्यावीच लागते. नव्वद टक्के हेवी बँड्समध्ये कीबोर्डवाला माघार घेतो, तो मागे कुठेतरी धूर सोडल्यासारखा वाजत राहतो आणि लाइव्हमध्ये तर ऐकूही येत नाही. 'एंजल डस्ट'मध्ये माघार गिटारने घेतलीय. रॉडी बॉटमचा कीबोर्ड आणि सँपलर (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधले तुकडे, म्हणजे सँपल्स, वाजवणारं यंत्र) पुढे, बिली गुल्डचा बेस खणखणीत, तारेवरचा पिकचा आवाज ऐकू येईल इतका वर, माइक बॉर्डिनचे टॉम्स, म्हणजे ड्रम सेटमधले खर्जातले ढोल, भरभक्कम, आणि जिम मार्टिनची गिटार त्या सगळ्याला धार लावण्यापुरती. मार्टिन या दिशेवर खूश नव्हता हे काही गुपित नाही, आणि १९९३ संपायच्या आत तो बँडमध्ये नव्हता.

त्यामुळे जो माणूस रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा तुकडा, ऐकायला बसतो, म्हणजे ज्याच्या डोक्यात 'हेवी म्हणजे गिटार' हे समीकरण पक्कं आहे, त्याला हा अल्बम पातळ वाटतो आणि तो तसं लिहितो. जो ड्रम्स आणि बेस ऐकतो त्याला हाच अल्बम आडदांड वाटतो. दोघेही खोटं बोलत नाहीयेत. माझ्याकडे येणाऱ्या बँड्समध्येसुद्धा हेच दिसतं, रेफरन्स म्हणून हा अल्बम आणणारा बहुतेक वेळा ड्रमर किंवा बेसिस्ट असतो, गिटारिस्ट क्वचितच, आणि गिटारिस्टने आणलाच तर त्याला त्यातलं नेमकं 'जिझलॉबर' हवं असतं. यातली गंमत म्हणजे 'गिटार गायब केली' अशी तक्रार असलेल्या या अल्बममधलं सगळ्यात काळंकुट्ट आणि जड गाणं, म्हणजे 'जिझलॉबर'च, त्याचं म्युझिक मार्टिनचं आहे. तुम्ही दोनदा ऐकलंत म्हणता पण शेवटपर्यंत पोचलात का? बाराव्या नंबरवर आहे ते. तिथपर्यंत कंटाळून बंद केलं असेल तर गिटारबद्दलचं तुमचं मत अर्धवट ऐकून झालेलं आहे, राग मानू नका.

दुसरी तक्रार आवाजाची, म्हणजे पॅटनच्या. 'द रिअल थिंग'मध्ये तो एकाच आवाजात गातो, थोडा नाकातला, पोरगेलासा, तो आवाज लोकांना ओळखीचा झाला. इथे तो प्रत्येक गाण्यात वेगळा माणूस आहे. 'लँड ऑफ सनशाइन'मध्ये तोंडभर हसत चांगलं भविष्य विकणारा सेल्समन, 'आरव्ही'मध्ये गाडीतच संसार थाटलेला कुरकुऱ्या म्हातारा, 'अ स्मॉल व्हिक्टरी'मध्ये हार न पचलेला कुणीतरी. 'लँड ऑफ सनशाइन'चे शब्द तर फॉर्च्यून कुकीमधल्या चिठ्ठ्या आणि सायंटॉलॉजीच्या पर्सनॅलिटी टेस्टमधले प्रश्न जोडून केलेत, आणि ते व 'कॅफीन' लिहिताना पॅटनने मुद्दाम झोप घेतली नव्हती. आता ज्याला रॉकमध्ये गायकाने स्वतःचं काळीज उघडं करावं असं वाटतं, आणि १९९२ म्हणजे नेमका तोच काळ, निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' येऊन वर्षही झालं नव्हतं, त्याला हा प्रकार खोटा वाटणारच. त्यालाच लोक 'दिखाऊपणा' म्हणतात. मला ते पटत नाही, नाटकात नट भूमिका करतो त्याला आपण खोटारडा म्हणत नाही. पण ज्याला गायकाशी नातं जोडायचंय त्याला इथे जोडायला एकच एक माणूस सापडत नाही हे मी मान्य करतो, ही अडचण खरी आहे आणि दहा वेळा ऐकूनसुद्धा ती काहींची जात नाही.

तिसरं, सँपल्स. यावर लोक दोन टोकांची मतं देतात आणि मला दोन्ही वरवरची वाटतात. 'मालप्रॅक्टिस'मध्ये क्रोनोस क्वार्टेटने वाजवलेल्या शोस्ताकोविचच्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटचा तुकडा आहे, 'मिडलाइफ क्रायसिस'च्या तालात सायमन अँड गारफंकलच्या 'सिसिलिया'मधला तुकडा आहे, 'क्रॅक हिटलर'च्या सुरुवातीला एअरपोर्टवरची अनाउन्समेंट करणारी बाई आहे. चाहते ही यादी शाळेतल्या पाढ्यासारखी म्हणतात, जणू यादी लांब म्हणून अल्बम भारी, आणि विरोधक म्हणतात उगाच काहीही चिकटवलंय. मी मिक्स करणाऱ्याच्या नजरेतून एवढंच बघतो की तुकडा काढून टाकला तर गाणं उभं राहतं का. 'मिडलाइफ क्रायसिस'मध्ये तो तुकडा तालात इतका मुरलाय की सांगितल्याशिवाय कळत नाही, काढला तर चाल लंगडी होईल. 'मालप्रॅक्टिस'मध्ये ऑपरेशनची चटक लागलेल्या बाईची गोष्ट आहे आणि तिथे ती व्हायोलिनं सुरीसारखी येतात, गरजेची आहेत. पण 'स्मॉलर अँड स्मॉलर'च्या मधला तो नेटिव्ह अमेरिकन गाण्याचा तुकडा मला आजही उपरा वाटतो, गाणं आधीच रेंगाळतंय, त्यात तो येतो आणि आणखी रेंगाळतं. चाहते मला मारतील पण 'यात एकही फिलर (नुसतं जागा भरायला टाकलेलं गाणं) नाही' हे मत मी गंभीरपणे घेत नाही, 'स्मॉलर अँड स्मॉलर' एक, आणि 'किंडरगार्टन'सुद्धा माझ्या मते ठीकठाकच.

मग गाणी एकमेकांशी जुळत नाहीत, फ्लो नाही, ही तक्रार. इथे मात्र मी जरा ठामपणे विरोधात जातो. जोड सुरांमध्ये किंवा स्टाइलमध्ये शोधू नका. कव्हर बघा, पुढे मऊ निळ्यात पांढराशुभ्र बगळा आणि मागच्या बाजूला खाटकाकडे आकड्याला टांगलेलं गाईचं मुंडकं. जवळपास प्रत्येक गाणं असंच बांधलंय, गोड चाल आणि तिच्या पोटात काहीतरी सडकं, किंवा उलट. 'बी अग्रेसिव्ह'मध्ये चर्चमधल्यासारखा ऑर्गन सुरू होतो आणि मग शाळेच्या मैदानावरच्या मुली ओरडायला लागतात, आणि शब्द (बॉटमचे आहेत) त्या दोन्ही जागी न शोभणारे. शेवटी 'जिझलॉबर'चा नरक संपतो आणि लगेच 'मिडनाइट काउबॉय' या पिक्चरची जॉन बॅरीची थीम, शब्दांशिवाय, अगदी निवांत. हा क्रम सुचायला डोकं लागतं. म्हणून शफलवर हा अल्बम ऐकणाऱ्याचं फ्लोबद्दलचं मत मी मोजतच नाही.

यावरून आठवलं, तुम्ही नेमकी कोणती आवृत्ती ऐकताय? मूळ अल्बम तेरा गाण्यांचा आहे, साधारण ५९ मिनिटांचा, आणि 'मिडनाइट काउबॉय'वर संपतो. नंतर कमोडोर्सच्या 'ईझी'चं त्यांनी केलेलं कव्हर इतकं चाललं, ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, की पुढच्या प्रतींमध्ये ते शेवटी जोडलं गेलं. गाणं मस्तच आहे पण तिथे ते शेवटाची वाट लावतं. २०१५ मध्ये डिलक्स आवृत्ती आली, तिच्यात दुसऱ्या डिस्कवर बरंच जादा साहित्य आहे, स्ट्रीमिंगवर ती लावली असेल तर अल्बम संपला कधी हेच कळत नाही. तेराव्याला थांबा.

आणि कशावर ऐकताय? हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल पण या अल्बमला फरक फार पडतो. फोनच्या स्पीकरमधून खालच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे ढोबळमानाने २०० हर्ट्झच्या खालचं, फारच थोडं बाहेर येतं. आता आत्ताच मी काय म्हणालो, या अल्बमचं वजन बेसमध्ये आणि टॉम्समध्ये आहे. ते गेलं की उरतं काय, कीबोर्ड, सँपल्स, आणि पाच प्रकारचे पॅटन एकमेकांवर ओरडताना. तो गोंधळच वाटणार, मलाही वाटेल. साधेच पण बरे हेडफोन लावा. दुसरं म्हणजे आवाज जरा वाढवा, कारण १९९२ चं मास्टरिंग, म्हणजे तयार अल्बमवरचा शेवटचा हात, आजच्या मानाने हळू आहे, आजच्या हेवी गाण्यांच्या शेजारी हे लावलं की मुळमुळीत वाटतं आणि माणूस ते बँडच्या खात्यावर टाकतो. 'प्रोडक्शन जुनाट आहे' या मतामागे बऱ्याचदा एवढंच असतं, दोन गोष्टी सारख्या व्हॉल्यूमवर आणून तुलना केलेलीच नसते.

मतं वाचताना अजून एक गाळणी लावा, मत कुठल्या काळातल्या माणसाचं आहे. जे लोक 'एपिक' ऐकून १९९२ मध्ये दुकानात गेले त्यांना फसवल्यासारखं वाटलं, त्यांची निराशा समजू शकते. त्या उन्हाळ्यात बँड गन्स एन रोझेस आणि मेटॅलिकाच्या स्टेडियम टूरवर आधी वाजवणारा बँड म्हणून फिरत होता, म्हणजे हे संगीत ज्यांना ऐकायचंच नव्हतं अशा प्रचंड गर्दीसमोर, तिथून आलेली मतंही तशीच असणार. याउलट जे लोक आधी कॉर्न, डेफ्टोन्स, सिस्टम ऑफ अ डाउन हे नंतरचे बँड ऐकून मग मागे या अल्बमकडे आले, त्यांना यात काहीच विचित्र वाटत नाही, त्यांना तो मूळ झरा सापडल्यासारखं होतं आणि ते 'मास्टरपीस' लिहून मोकळे होतात. त्यांचं प्रेम खरं आहे पण त्यांनी अल्बम ऐकला तो त्याच्या मुलाबाळांना आधी भेटून. तुम्ही पहिल्या गटातल्यासारखे ऐकताय, फक्त ३० वर्षं उशिरा, त्यामुळे दुसऱ्या गटाचा उत्साह तुमच्या काही कामाचा नाही.

आणि 'अल्बम आपटला' हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत 'द रिअल थिंग' अकराव्या नंबरपर्यंत गेला होता, हा दहाव्या. ब्रिटनमध्ये दुसऱ्या. 'मिडलाइफ क्रायसिस' अमेरिकेत मॉडर्न रॉकच्या यादीत पहिलं होतं. एवढं खरं की अमेरिकेत एकूण विक्री आधीच्यापेक्षा कमी झाली, तो प्लॅटिनम होता, हा गोल्डवर राहिला. म्हणजे लोक सुरुवातीला उत्सुकतेने धावले आणि मग बऱ्याच जणांचं तुमच्यासारखंच झालं. एकटे नाही आहात.

तर पुढे काय करायचं. अल्बम पहिल्यापासून लावू नका. 'एव्हरीथिंग्ज रुइन्ड' एकटं ऐका, 'द रिअल थिंग'वरून येणाऱ्यासाठी ते सगळ्यात सोपं दार आहे, चाल आहे, पियानो आहे, आणि मार्टिनची रीतसर सोलोसुद्धा आहे. मग 'मिडलाइफ क्रायसिस', पण गाण्याकडे लक्ष न देता फक्त ड्रम्स ऐका, आणि शेवटी आधीची चाल आणि कोरस एकावर एक चढतात ते पकडा. मग 'कॅफीन'. ही तीन ओळखीची झाली की एखाद्या दिवशी सलग, क्रमाने, मध्ये न थांबता. 'आरव्ही' आलं की हात स्किपकडे जाईल, नका करू, ते मागच्या गाण्याची चव मुद्दाम बिघडवायलाच ठेवलंय आणि 'स्मॉलर अँड स्मॉलर'ला स्किप केलंत तर मी बघितलं नाही असं समजा.

हे करूनही आवडेल याची खात्री मी देत नाही, ते तुम्ही हेवी गाण्यात काय शोधता यावर आहे. एकाच गायकाचा एकच चेहरा आणि समोर गिटारची भिंत हवी असेल तर हा अल्बम तुम्हाला ते कधीच देणार नाही, आणि मग नाही आवडला म्हणून सोडून द्या, त्यात कमीपणा काही नाही. त्या वेळी तुम्हाला 'एंजल डस्ट'सोबतच जून १९९२ मध्ये आलेला हेल्मेट बँडचा 'मीनटाइम' जास्त जवळचा वाटेल, सगळं घट्ट, कोरडं आणि गिटारच गिटार.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की आवडलाच तर पुढे काय ऐकू. १९९५ चा 'किंग फॉर अ डे'. त्यात कीबोर्ड बराच कमी आहे, गिटारवर मिस्टर बंगलचा ट्रे स्प्रुअन्स आहे, आणि गाणी याहूनही जास्त भरकटतात पण गिटार परत पुढे आलीय. मिस्टर बंगल मात्र इतक्यात नको, ते थोडं थांबून.